तळहातावरचा क्रम

खोली दाखवण्याआधी ते दारातच थांबले आणि म्हणाले, "मला महारोग झाला होता. औषध पूर्ण झालंय, रोग गेलाय. आता हाताच्या नसांना सूज आहे, तिच्या गोळ्या चालू आहेत. हे ऐकून जायचं असेल तर आत्ताच जा. चहा पिऊन गेलात तर चहा वाया जातो."

मी तेव्हा नाशिकच्या एका वर्तमानपत्रात डेस्कवर उपसंपादक होतो आणि राहायला जागा शोधत होतो. इंदिरानगरमध्ये तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. आतली खोली भाड्याने द्यायची होती. आलोच, असं म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि आरोग्याच्या बातम्या करणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उपचार सुरू झाले की लागण थांबते. पूर्ण झाले असतील तर प्रश्नच नाही. परत आलो तेव्हा ते दारात तसेच उभे होते. चहाचं पातेलं ओट्यावर रिकामं होतं.

"कोणाला विचारलंत?"

मी सांगितलं.

"बरं केलंत. माणसाच्या तोंडावर जाऊ नये. आम्ही साडीसुद्धा उलटी करून बघायचो." मग त्यांनी पातेल्यात पाणी घातलं.

भाडं ठरल्यावर त्यांनी एक अट सांगितली. रोज सकाळी, नाश्ता झाल्यावर, पाच मिनिटं त्यांच्यासमोर बसायचं. ते उजवा हात टेबलावर पालथा ठेवायचे, मग उलटा करायचे आणि डोळे मिटायचे. बॉलपेनच्या टोकाने तळहातावर एका ठिकाणी हलकेच टेकवायचं, कातडीला खळी पडेल न पडेल इतपत. जिथे टेकलं तिथे त्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवायचं. दवाखान्यात फिजिओथेरपीच्या ताई महिन्यातून एकदा हेच करत. त्यांना ते रोज हवं होतं.

"तुमच्याकडं पेन असतंच," ते म्हणाले. "म्हणून पत्रकार चालेल म्हटलं."

ते येवल्याचे. घरी पैठणीचे माग. तरुणपणी स्वतः मागावर बसले, पुढे दुकानाच्या गादीवर. गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांची भाषा शहरी होती. राग आला किंवा मन हळवं झालं की येवल्याची बोली वर यायची. लग्न केलेलं नव्हतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारण्यासारखा प्रसंग आला नाही. धाकटा भाऊ, त्याची बायको, मुलं, माग, दुकान, सगळं येवल्याला. नाशिकचा फ्लॅट पूर्वी कधीतरी भाड्याने देण्यासाठी घेऊन ठेवलेला होता. आजाराचं निदान झाल्यावर "नाशिकला दवाखाने चांगले" असं घरात ठरलं आणि ते या फ्लॅटवर आले.

पैठणीचा व्यवहार करणाऱ्याला एक सवय असते. पदर उलटा करून बघायचा. हातमागावर विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापल्याचं खरखरीत लागतं. त्यांनी ही सवय साडीपुरती ठेवली नव्हती. भाजीवाल्याकडे वांगी देठाकडून न बघता बुडाकडून बघत. भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर मागून बघत. गोळ्यांच्या पाकिटावरचं मागचं बारीक छापलेलं सगळं वाचून काढत. मी रोज आमचा अंक आणायचो. ते तो शेवटच्या पानाकडून वाचायला घेत, पहिल्या पानाशी पोचले की मुख्य बातमीवर बोट ठेवत.

"ही झाली सुलट. आता उलट बाजू सांगा."

"म्हणजे?"

"काय काय कापलंत?"

मी सांगायचो. मधला अमुक मजकूर जागेअभावी गेला, तमुक अधिकाऱ्याचं म्हणणं मिळालं नाही, एका वाक्याची खात्री नव्हती म्हणून काढलं. ते लक्षपूर्वक ऐकत. बहुतेक वेळा म्हणत, "हे छापलं असतं तर बातमी झाली असती." वर्तमानपत्राच्या इतक्या वर्षांत माझ्या कामाचा असा हिशेब दुसऱ्या कोणी मागितला नाही.

वरच्या मजल्यावर एक काकू राहत. त्यांच्या सुनेने त्यांना पैठणी घेतली होती. त्या ती घेऊन खाली आल्या, कारण हे येवल्याचे असं त्यांना कुठून तरी कळलं होतं. तेव्हा मी आतल्या खोलीत होतो, दार उघडं होतं.

"बघा हो भाऊ. खरी आहे ना?"

त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. "उलगडा. पदर. आता उलटा करा."

"हात लावून बघा की. तुम्हाला काय सांगायचं."

"हाताला तेल लागलंय."

तेल लागलेलं होतं हेही खरं. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे ते सकाळी हात पाण्यात बुडवून ठेवत आणि मग खोबरेल चोळत, कातडी भेगाळू नये म्हणून. ते वाकले, पदर बराच वेळ पाहत राहिले. "रंग फार चांगला निवडलाय," ते म्हणाले. काकू खूश होऊन गेल्या.

"खरी आहे?" मी नंतर विचारलं.

"यंत्रावरची. सुनेनं प्रेमानं दिलीय, सांगून काय करायचं?" थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हात लावला असता तरी मला काय कळणार होतं. डोळ्यानं कळलं म्हणून कळलं. हात आंधळा झालाय."

उपचारांची त्यांची माहिती डॉक्टरांनी सांगितलेली होती आणि ती ते जवळपास शब्दशः सांगत. मूळ रोगाची औषधं पूर्ण झाली, जंतू मेले. मात्र कधी कधी मेलेल्या जंतूंशीही शरीर भांडत राहतं आणि त्या भांडणात नसा सुजतात. कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी त्यांची नस सुजली होती. दाबली की ते ओठ आवळत. सूज राहिली तर नस मरते, मग बोटं वाकतात आणि वाकलेली राहतात. सूज उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या. सुरुवातीला जास्त, मग सूज आणि स्पर्श तपासत तपासत हळूहळू कमी, काही महिन्यांत बंद. एकदम बंद करायच्या नाहीत. सकाळी खाऊन मगच घ्यायच्या, मीठ कमी, साखर तपासत राहायची.

या गोळ्यांनी भूक वाढते. ते पोळ्या मोजून खाणारे गृहस्थ, आता पोह्यांवर पोहे घेत आणि स्वतःवर चिडत. झोप उडाली होती. चेहरा गोल झाला. भाऊ व्हिडिओ कॉल करायचा, तेव्हा मी कधी कधी समोर असायचो.

"दादा, तब्येत सुधारली की. नाशिकचं पाणी मानवलं."

"गोळ्यांची सूज हाय ती."

"अजून चालू आहेत गोळ्या?"

"कमी केल्यात. आता छोटी गोळी दिलीय."

"बास, बास. गोळ्या संपल्या की ये. वरची खोली रंगवून ठेवतो."

या घरात काय अडलं होतं ते या दोन-तीन वाक्यांत सगळं होतं. येवल्याच्या घरच्यांच्या लेखी गोळ्या चालू म्हणजे रोग चालू. डॉक्टरांनी फोनवरून भावाला समजावलं होतं, की रोग गेला, या गोळ्या वेगळ्या, हे आजच घरी आले तरी कोणाला काही होणार नाही. भावाने सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि दादाला म्हणाला, "तरी पण, पूर्ण बरा होऊनच ये." ते स्वतःही हळूहळू तसंच मोजायला लागले होते. गोळी लहान झाली की येवलं जवळ आलं. दर वेळी डोस कमी झाला की ते भावाला फोन करत आणि त्या दिवशी बाजारातून काहीतरी गोड आणत. साखर तपासायची असताना.

सकाळच्या परीक्षेकडे वळतो.

त्यांनी मला क्रम दाखवून दिला होता. अंगठ्याचं टोक, अंगठ्याचं मूळ, पहिलं बोट, त्याच्याखालची उशी, मग मधलं, मग अनामिका, मग करंगळीचं टोक आणि शेवटी तळहाताची करंगळीकडची कड. दवाखान्यातल्या तक्त्यावर तसाच क्रम छापलेला होता, ताई त्याच क्रमाने जात. मीही तसाच जायचो. ते डोळे मिटून बसत आणि त्यांचं डावं बोट प्रत्येक वेळी बरोबर जागी पडे. कधी चूक नाही. मला ते बघायला आवडायचं. शेवटी ते डोळे उघडत, "झालं?" म्हणत आणि हात लगेच मागे न घेता तसाच टेबलावर ठेवून बसत. मग दूधवाल्याची, पाण्याच्या वेळेची, कशाची तरी गोष्ट काढत. दिवसभरात त्यांच्याकडे येणारं दुसरं माणूस नव्हतं. काकू साडी दाखवून गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांना कोणाकडून तरी कळलं असावं.

त्या सुमारास तीन गोष्टी माझ्या नजरेत आल्या. पहिली, ते बटणाचे शर्ट घालेनासे झाले आणि डोक्यातून घालायचे झब्बे आणले. कारण सांगितलं, उकाडा. दुसरी, दाराचं कुलूप ते मला काढायला सांगू लागले. कारण, कुलूप गंजलंय. तिसरी अशी, की एकदा ते अंक वाचत असताना मला पुरवणी हवी होती, म्हणून मी त्यांच्या हातातून तो ओढला. जरासाच. अंक काही अडथळा न होता निघून आला. माणूस वाचत असलेला कागद इतक्या सहज सोडत नाही. त्यांनी बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "घ्या ना, घ्या. वाचून झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून फोन आला. मी एका हाताने फोन धरून बोलत होतो, दुसऱ्या हातातलं पेन त्यांच्या तळहातावर फिरत होतं. बोलण्याच्या नादात क्रम चुकला. अंगठ्याच्या टोकानंतर मी थेट करंगळीवर टेकवलं. त्यांचं बोट अंगठ्याच्या मुळाशी पडलं. मी तळहाताच्या कडेवर टेकवलं. त्यांचं बोट पहिल्या बोटावर पडलं. फोन ठेवून मी अनामिकेवर टेकवलं. ते खालच्या उशीवर गेले. हात फिरत होता तो पेनामागे नव्हे, तक्त्यामागे.

"काका," मी म्हणालो, "डोळे उघडा."

पेनाचं टोक अनामिकेवर होतं. त्यांचं बोट दुसऱ्या टोकाला. ते पाहत राहिले आणि मग चिडले.

"असं उलटसुलट करत्यात का? क्रमानं घ्यायचं सांगितलं होतं ना?"

"क्रमाने घेतलं तर तुम्हाला पाठ आहे."

"मग? पाठ असू नये का? आमच्या घरात मोर, पोपट, वेल, सगळी नक्षी पाठ असायची. कागद बघून कोण विणतो?"

"ताईंना माहीत आहे?"

ते उठून स्वयंपाकघरात गेले. हे कसं जमवत ते त्यांनी मला बऱ्याच नंतर सांगितलं. घरी टेबलावर माझं कोपर सरकल्याचा आवाज पुरे होई, दवाखान्यात वेगळी खूण होती. ताईंच्या हातात काचेच्या दोन बांगड्या असत. हात खाली आला की त्या किणकिणत. बांगडी वाजली की पुढच्या जागेवर बोट ठेवायचं. बाहेर बाकड्यांवर रांग असे, ताई घाईत असत, तक्त्यावर सगळीकडे बरोबरच्या खुणा होत आणि डॉक्टर त्या खुणा पाहून गोळी लहान करत. उंबऱ्यावर उभं राहून भाडेकरूला रोगाचं नाव सांगणारा हा माणूस आपला हात मात्र दवाखान्यापासून लपवत होता.

त्या सकाळी मी एकच वाक्य बोललो. "सगळ्यांची उलट बाजू बघता, ताईंना तुमची दाखवा." नंतरचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नाश्ता माझ्यासाठी झाकून ठेवलेला असे. सकाळी टेबलावर हात येत नसे.

तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो तर ते टेबलाशी बसलेले होते. हात समोर, डोळे मिटलेले.

"उलटसुलट घ्या," ते म्हणाले.

मी घेतलं. सावकाश, कुठल्याही क्रमाशिवाय. अंगठ्यावर ते बरोबर आले. पहिल्या बोटावरही. मधल्यावर थोडे चुकले. अनामिका आणि करंगळीच्या बाजूला त्यांचं बोट हवेत फिरत राहिलं आणि कुठेच उतरलं नाही.

"अंगठा तरी?"

"अंगठा बरोबर होता."

"बरं." ते हातावरून डावा हात फिरवत बसले. "काल रात्रभर विचार करत होतो. समजा गोळ्या संपल्या. समजा मी गेलो घरी. गादीवर बसलो. कोणी विणकर साडी टाकणार समोर. मी हात घालणार पदराखाली. आणि सांगणार काय? साडी काय क्रमानं येती का?" त्यांनी हात उलटा करून पाहिला. "मी चुकीची साडी खरी म्हणून दिली तर दुकानाचं नाव जाईल. माझा हात खोटं बोलला तर लय वाईट. त्यापरीस न गेलेलं बरं."

दवाखान्याची तारीख आली तेव्हा माझी साप्ताहिक सुट्टी होती, मी सोबत गेलो. दवाखाना देवळाली कॅम्पच्या बाजूला होता. बस कॅन्टोन्मेंटच्या रस्त्याने जात होती, फुटपाथवरून जवानांच्या बायका पिशव्या घेऊन चालल्या होत्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. तोफखान्याचा सराव चालू होता. दूरवर बार उडाला की खिडक्यांच्या काचा हलत आणि बाक किंचित थरथरे.

त्यांनी उजवा हात बाकावर टेकवला होता. "तोफ कळती," ते म्हणाले. "पेन कळत नाय."

ताईंनी आत बोलावलं. गोल चेहऱ्याच्या, पंचविशीच्या, सतत घाईत असलेल्या. "या काका. तुमचं काय, तुम्ही पैकीच्या पैकीवाले." त्यांनी तक्ता ओढला, काकांचा हात उशीवर ठेवला. काकांनी डोळे मिटले. बांगडी वाजली, अंगठा. बरोबर. बांगडी वाजली, अंगठ्याचं मूळ. बरोबर. पहिलं बोट. बरोबर. ताई तक्त्यावर खुणा करत होत्या. मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, ते आता शेवटपर्यंत असेच जाणार.

त्यांनी डोळे उघडले. "ताई, तुमचा क्रम बदला."

"का हो?"

"मला पाठ हाय."

ताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग तक्त्याकडे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मनगटावरच्या दोन्ही बांगड्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. बांगड्यांबद्दल त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

"मिटा डोळे."

नंतरची तपासणी शांततेत झाली. ताई पेन टेकवत आणि थांबत. काकांचं डावं बोट तळहातापासून वीतभर वर, हवेत. कुठे उतरावं ते न कळून थोडं इकडे, थोडं तिकडे.

"काका, लावलंय."

"हो का."

पुन्हा. "लावलंय, काका."

"असेल. तुम्ही म्हणता तर असेल."

मग त्यांनी दोन बोटांमध्ये कागद धरायला सांगितला आणि ओढला. तो निघून आला. ताई तो तक्ता आणि काकांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी कोपरापाशी नस चाचपली. काकांनी ओठ आवळले.

"दुखतं?"

"दुखतं."

"मागच्या वेळी नाही म्हणाला होता."

काका बाही खाली ओढू लागले.

"तुमच्या उत्तरांवर मी गोळी ठरवतो," डॉक्टर म्हणाले. "उत्तर चुकीचं दिलंत तर गोळी चुकीची जाते. तुमच्या नसेला मी विचारू शकत नाही. तिच्या वतीने तुम्हीच बोलायचं." मग त्यांनी डोस पुन्हा वर नेला, सुरुवातीला होता तिथपर्यंत, आणि बोटं वाकू नयेत म्हणून हाताला बांधायची एक पट्टी लिहून दिली. "आता आलात ते ठीक झालं. सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. काही येईल."

"किती?"

"ते हात सांगेल."

बाहेर येऊन त्यांनी औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या. पाकीट उलटं करून मागचं वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचत होते. बसस्टॉपवर उभं राहून भावाला फोन लावला. व्हिडिओ नाही, साधा. आवाज मोठा होता म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"गोळ्या वाढवल्यात. अजून काही महिने."

मग भाऊ म्हणाला, "असू दे, दादा. काही घाई नाही. आरामात ये."

त्याच्या आवाजात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. सुटल्याचा भाव होता, निदान मला तसं वाटलं. काकांनी फोन खिशात ठेवायला तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा डाव्या हाताने ठेवला.

त्यानंतरचे महिने साधे गेले. चेहरा आणखी गोल झाला. हाताची पट्टी ते संध्याकाळी न चुकता बांधत, दातांनी गाठ ओढत. सकाळी मी उलटसुलट पेन टेकवायचो. मधलं बोट परत आलं. मग अनामिका, आधी उशिरा, मग वेळेवर. एके सकाळी त्यांनी माझ्या हातातून अंक काढून घेतला, मी ओढून पाहिला, तो सुटला नाही. त्यांनी तो आणखी घट्ट धरला आणि आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी अंक ओढत बसलो, पान फाटेपर्यंत. त्यांना हसताना मी त्या घरात क्वचितच पाहिलं. तेव्हा पाहिलं.

करंगळी आणि तळहाताची ती कड मात्र आली नाही.

गोळी लहान होत गेली आणि या वेळी खऱ्या खुणांवर संपली. डॉक्टर म्हणाले, आता फक्त काळजी. गरम भांडं, धार, भाजणं. शेवटच्या गोळीच्या दिवशी त्यांनी कपाट उघडून ट्रंक काढली, कपडे भरले. भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "अरे वा. झकास. फक्त दादा, सध्या वरच्या खोलीत माल भरलाय. लग्नसराई उरकू दे, मोकळी करतो." लग्नसराई उरकली. मग वहिनीच्या माहेरी कार्य निघालं. मग मुलांच्या परीक्षा. ट्रंक बरेच दिवस दारामागे भरलेली उभी होती. लागेल तसा त्यातला एकेक कपडा ते काढत. एक दिवस ती रिकामी झाली आणि पलंगाखाली गेली. भावाला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "त्याची पण उलट बाजू असंल. बायकापोरं हायत."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी ती खोली सोडली. त्यांनी माझ्या बायकोसाठी साडी पाठवली, येवल्याहून मागवून. पदर उलटा करून बघावा म्हणून त्यांनी साडीची घडीच उलटी घातली होती. आतली खोली त्यांनी पुन्हा भाड्याने दिली नाही. कोणी विचारायला आलं तर दारात तेच महारोगाचं वाक्य म्हणत, असं मला वॉचमनने सांगितलं.

अधूनमधून मी जातो. मागच्या वेळी गेलो तेव्हा सकाळ होती. चेहऱ्यावरची सूज ओसरून ते पूर्वीपेक्षाही बारीक दिसत होते. चहा झाला. मी आणलेला अंक त्यांनी शेवटच्या पानाकडून वाचला, काय कापलं ते विचारलं. मग कप बाजूला सरकवून उजवा हात टेबलावर उलटा ठेवला आणि डोळे मिटले.

गोळ्या बंद होऊन बराच काळ झाला होता. आता कोणी डॉक्टर खुणा मागत नव्हता.

मी खिशातून पेन काढलं. अंगठ्याचं मूळ, बरोबर. मधलं बोट, बरोबर. अनामिका, किंचित उशिरा, बरोबर. मग मी टोक तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर टेकवलं आणि तिथेच ठेवलं. त्यांचं बोट हवेत थांबलं. थोडा वेळ तसंच राहिलं. मग सावकाश खाली आलं आणि नेमकं पेनाच्या टोकाशेजारी पडलं.

"कळलं?" मी विचारलं.

"नाय."

"मग बरोबर कसं ठेवलंत?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"बाकी कुठं नाय लागत," ते म्हणाले. "म्हणजे तिथंच असणार तुम्ही."